आधी पट्टी उघडा, मग ट्यूब आणा: जुन्या ट्यूबलाईटच्या जागी एलईडी बसवताना

गणपतीच्या आधी घराला रंग द्यायचा आणि त्याच धडाक्यात ट्यूबलाईटीही बदलून टाकायच्या, हा आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातला नेहमीचा बेत. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: "जुनी ट्यूब काढा, ही एलईडी घाला, झालं." एलईडी ट्यूब जुन्या होल्डरमध्ये चपखल बसते हे खरं. पण बसते म्हणून चालतेच असं नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. कुठे नवी ट्यूब आठवड्यात जाते, कुठे लावताक्षणी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारं, फ्यूजच्या जागचं बटण) पडतो, कुठे बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत राहते. बहुतेक वेळा दोष ट्यूबचा नसतो, ट्यूब ज्या वरच्या पट्टीत बसते तिच्यात वायरी कशा जोडल्यात त्याचा असतो. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा पट्टीच्या पोटात काय आहे त्यावर जास्त बोलणार आहे.

बदल आज ना उद्या करावाच लागणार आहे. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत लांब फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं. ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या पावडरीवरून दोन प्रकार पडतात: साध्या हॅलोफॉस्फेट ट्यूबसाठी २०२६, तर ट्रायफॉस्फरसाठी २०२७ ही मुदत आहे. भारतानेही हा करार २०१८ मध्ये मंजूर केलेला आहे. दुकानात जुना माल काही काळ मिळेल, पण त्याच्या भरवशावर पट्ट्या तशाच ठेवण्यात अर्थ नाही.

वाचतं किती?

चार फुटी जुनी ट्यूब ३६ किंवा ४० वॅटची. पट्टीतला तांब्याचा चोक (ट्यूबला जाणारी वीज आवरणारं वेटोळं) वर दहा-बारा वॅट खातो, म्हणजे एका पट्टीमागे ५० वॅटच्या आसपास. त्या जागी येणारी एलईडी १८ ते २० वॅटची. फरक ३० वॅटचा धरा. रोज पाच तास लागणारी एक ट्यूब महिन्याला साडेचार युनिट वाचवते, चार ट्यूब १८ युनिट.

आता इथे कर्नाटकातलं गणित थोडं वेगळं आहे. २०२३ पासून घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना लागू आहे. तुमच्या २०२२-२३ च्या मासिक सरासरीत दहा टक्के (वापर फार कमी असेल तर दहा युनिट) मिळवून हक्काचे युनिट ठरतात, कमाल २००. ज्यांचं बिल आधीच शून्य येतं त्यांच्या खिशात एलईडीमुळे एक रुपयाही जास्त पडणार नाही, हे दुकानदार सांगत नाही. हक्काचे युनिट ओलांडले पण २०० च्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. तिथे १८ युनिट कामाला येतात. आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल आपल्या माथी. ज्यांचा आकडा हेस्कॉमच्या बिलावर २०५-२१० असा लोंबकळत असतो, त्या घरांना चार ट्यूबचा फरक सगळ्यात जास्त जाणवेल.

खरा फायदा दुकान, वर्कशॉप आणि मागाच्या शेडमध्ये. सहा ट्यूब रोज दहा तास जळत असतील तर महिन्याला ५४ युनिट वाचतात, आणि तिथे गृहज्योती नाही. वडगाव-खासबागकडे जिथे दिवसासुद्धा ट्यूब लावून माग चालतात, तिथे आधी शेड बदला, घर मागाहून बदललं तरी चालेल.

पट्टीत काय आहे ते ओळखा

खालून बघूनही बरंच कळतं. जाडजूड, साधारण दीड इंच व्यासाची ट्यूब असेल तर ती जुनी टी-१२. एक इंचाची टी-८. दोन्हींच्या पिनांमधलं अंतर १३ मिलिमीटरच, त्यामुळे होल्डर एकच आणि एलईडी ट्यूबही तीच बसते. बोटाएवढी बारीक असेल तर ती टी-५. तिच्या पिना जवळजवळ आणि लांबीही चार फुटांपेक्षा थोडी कमी. तिच्यात टी-८ ची एलईडी बसत नाही. टी-५ ची पट्टी सरळ काढून टाका, खटपट करू नका.

मग चोक. बटण दाबल्यावर दोन-चार वेळा लुकलुकून लागते आणि पट्टीच्या कडेला अंगठ्याएवढा स्टार्टर दिसतो, तर आत लोखंडी-तांब्याचा जड चोक आहे. रात्री सगळं शांत झालं की तो हलकासा गुणगुणतोही. स्टार्टर नाही आणि ट्यूब चटकन लागते, तर आत हलका इलेक्ट्रॉनिक चोक आहे. त्यातून पाच-सहा बारीक वायरी निघतात. इलेक्ट्रॉनिक चोकवर एलईडी ट्यूब चालवायच्या भानगडीत पडू नका. ट्यूबच्या खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तेवढाच अपवाद, नाहीतर तो चोक काढायचाच.

होल्डर नीट बघा. हे काम बहुतेकजण टाळतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने भिंतीही ओलावलेल्या असतात. होल्डरच्या पितळी पात्यांवर हिरवट गंज धरतो आणि त्यांचा ताण जातो. पांढरं प्लास्टिक उष्णतेने पिवळं पडून ठिसूळ होतं. बोटाने हलकं दाबलं आणि कडेचा तुकडा हातात आला, तर त्यात नवी ट्यूब घालू नका. सैल पात्यात ठिणगी उडते आणि एलईडीच्या आतला ड्रायव्हर (तिला लागेल तशी वीज करून देणारं सर्किट) तिथेच मरतो.

ट्यूब घ्यायची की अख्खी पट्टी?

माझं मत सरळ आहे. घरात एक-दोन पट्ट्या असतील, जुन्या असतील, गंजल्या असतील, तर तयार एलईडी पट्टीच घ्या, जिला दुकानात बॅटन म्हणतात. तिच्यात होल्डर नाही, चोक नाही, दोन वायरी जोडल्या की काम संपलं. किंमत दोनशे ते चारशेच्या दरम्यान, ट्यूबपेक्षा फार जास्त नाही.

ट्यूब घेण्यात शहाणपण कधी? पट्ट्या चांगल्या पत्र्याच्या, उंचावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेल्या आणि संख्येने जास्त असतील तेव्हा. पुढे एखादी गेली तर नुसती ट्यूब बदलता येते. बॅटन गेली की अख्खी उतरवावी लागते. शाळा, सोसायटी, मंगल कार्यालय अशा ठिकाणी हा फरक मोठा ठरतो.

ट्यूबमध्येही तीन जाती आहेत, आणि खोक्याच्या मागचं वायरिंगचं चित्र बघितल्याशिवाय कळत नाहीत. पहिली, एकाच टोकाच्या दोन पिनांना फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) लागणारी. दुसरी, एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल लागणारी. तिसरी, तांब्याचा चोक तसाच ठेवून, फक्त स्टार्टरच्या जागी सोबत आलेला एलईडी स्टार्टर घालून चालणारी. हा स्टार्टर म्हणजे आत फक्त एक फ्यूज असतो. तिसरी सोपी वाटते, पण चोक थोडी वीज खातच राहतो आणि जुना साधा स्टार्टर चुकून तसाच राहिला तर ट्यूब नीट लागत नाही आणि बिघडूही शकते. ज्यांना वायरीला हात लावायचाच नाही त्यांनी ती घ्यावी. बाकीच्यांनी पहिल्या दोहोंपैकी एक ठरवावी आणि घरभर तीच एक जात ठेवावी.

खोक्यावर अजून चार गोष्टी बघा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. लुमेन, म्हणजे उजेडाचं माप: २० वॅटला २००० च्या आसपास हवेत. नुसते वॅट छापून लुमेन गाळलेले असतील तर ती तशीच ठेवून द्या. व्होल्टेजची कक्षा: गावाच्या टोकाच्या लाईनवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथे १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेली घ्या. जुनी ट्यूब कमी व्होल्टेजला नुसती लुकलुकत बसते, ही बिनतक्रार लागते. आणि सर्ज संरक्षण, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून बचाव, अडीच किंवा चार किलोव्होल्ट असं लिहिलेलं असतं. पावसाळ्यात वीज जाऊन धाडकन परत येते तेव्हा तेच उपयोगी पडतं.

रंगाबद्दल थोडं. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड आपल्याकडे सर्रास घेतात, पण झोपायच्या खोलीत ४००० किंवा ३००० घेऊन बघा, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. शहापूरच्या साडी दुकानात मात्र केल्विनइतकाच सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, महत्त्वाचा. तो ८० च्या वर हवा, ९० मिळाला तर उत्तमच. नाहीतर दुकानात मोरपंखी दिसलेली साडी घरी उन्हात निळी दिसते आणि गिऱ्हाईक परत येतं.

कौलारू घरात आणखी एक फरक दिसेल. जुनी ट्यूब चहूबाजूंनी उजेड टाकायची, त्यातला निम्मा वरच्या काळपट लाकडात विरायचा. एलईडी खालीच टाकते. जमिनीवर लख्ख आणि तुळयांत अंधार, असं होतं. पहिले चार दिवस विचित्र वाटतं.

वीज बंद म्हणजे खरंच बंद

बटण बंद करून काम करू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं असतं. बटण बंद असतानाही पट्टीत फेज जिवंत राहते. मीटरखालचा मेन किंवा त्या सर्किटचा एमसीबी पाडा, फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवा.

आणि इन्व्हर्टर! मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो तत्परतेने ट्यूबच्या लाईनवर २३० व्होल्ट सोडतो. वायरमन लोकांनाही याचे झटके बसलेत. इन्व्हर्टर आपल्या बटणावरून बंद करा आणि त्याच्याकडून घराकडे जाणाऱ्या लाईनचा एमसीबी असेल तर तोही पाडा.

मग टेस्टर. आधी तो चालू असलेल्या पॉईंटवर लावून जळतो का बघा, मग पट्टीच्या वायरीवर, मग पुन्हा चालू पॉईंटवर. तीनदा बघायचं कारण, मधेच टेस्टर गेला तर न जळणं म्हणजे वीज नाही असा गैरसमज होतो. मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. शिडी लाकडी किंवा फायबरची, खाली धरायला एकजण. भिंतीच्या आतल्या वायरिंगला हात लावायची वेळ आली, तर तिथे थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

पट्टीची वायरिंग

ट्यूब दोन्ही हातांनी धरून पाव फेरा फिरवा, पिना खाचेशी आल्या की सरळ खाली ओढा. भिंतीला उभी टेकवून ठेवू नका, घरातलं मांजर किंवा पोरगं पाडणारच. कोपऱ्यात आडवी ठेवा.

पट्टीचं पत्र्याचं झाकण काढा. आत जुनी जोडणी अशी दिसेल: बटणाकडून आलेली फेज चोकमध्ये, चोकमधून पहिल्या होल्डरच्या एका पिनेला, त्याच होल्डरची दुसरी पिन स्टार्टरला, स्टार्टरचं दुसरं टोक दुसऱ्या होल्डरच्या एका पिनेला, आणि त्या होल्डरची उरलेली पिन न्यूट्रलला. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. दुकान-कारखान्यातल्या पट्टीत याशिवाय दंडगोल कंडेन्सरही असू शकतो. वीज बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, तोवर त्याच्या टोकांना हात लावू नका, मग काढून टाका.

चोक, स्टार्टर आणि स्टार्टरचा होल्डर तिन्ही काढा. मधल्या वायरी जपून ठेवा, त्यातल्याच लागतील.

एकटोकी ट्यूब असेल तर फेज पहिल्या होल्डरच्या एका पिनेला, न्यूट्रल त्याच होल्डरच्या दुसऱ्या पिनेला. दुसरा होल्डर फक्त आधार द्यायला, त्याला एकही वायर नको. जोडायच्या आधी मल्टिमीटरचा बीप लावून बघा, पहिल्या होल्डरच्या दोन्ही पिना आतून एकमेकींना जोडलेल्या नाहीत ना. जोडलेल्या असतील तर होल्डर बदला, नाहीतर सरळ शॉर्ट होईल. ट्यूबच्या ज्या टोकावर एल आणि एन छापलेलं आहे तेच टोक या बाजूला. काही ट्यूबचं दुसरं टोक आतून शॉर्ट असतं. ते चुकून फेज-न्यूट्रलच्या होल्डरमध्ये गेलं की एमसीबी पडतो. ट्यूब लावताक्षणी एमसीबी पडण्याचं कारण बहुतेकदा हेच.

दोनटोकी असेल तर फेज पहिल्या होल्डरच्या दोन्ही पिनांना लूप करून, न्यूट्रल दुसऱ्याच्या दोन्ही पिनांना. लूप केल्याने ट्यूब कशीही फिरली तरी लागते. हिच्या बाबतीत एक पक्कं ठेवा: ट्यूब घालताना-काढताना वीज बंदच हवी. एक टोक चालू होल्डरमध्ये आणि दुसरं टोक हातात, अशा स्थितीत हातातल्या पिनांवर फेज येऊ शकते.

जोड नुसते पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा स्क्रूचे कनेक्टर वापरा, दहा-वीस रुपयांत पट्टी मिळते. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते. तांबं आणि ॲल्युमिनियम पिळून जोडलं की वर्ष-दोन वर्षांत सांधा काळा पडून सैल होतो, तिथे कनेक्टरशिवाय पर्याय नाही. पत्र्याच्या पट्टीला अर्थची हिरवी वायर असेल तर ती परत जोडा, नसेल आणि जवळ उपलब्ध असेल तर द्या.

शेवटचं काम अगदी क्षुल्लक आणि तितकंच गरजेचं. पट्टीवर मार्करने लिहा: 'फक्त एलईडी, चोक काढला आहे', आणि एकटोकी असेल तर फेजचं टोक कुठलं ते. पाच वर्षांनी कुणी माळ्यावरची जुनी ट्यूब सापडली म्हणून या पट्टीत घातली, तर तिच्या फिलामेंटवर थेट २३० व्होल्ट जातील आणि ती फुटूही शकते. ट्यूबच्या कडेला खरेदीची तारीख लिहून ठेवा. वॉरंटी मागायला गेल्यावर बिल हरवलेलं असतं, तेव्हा निदान बोलायला आधार राहतो.

लावल्यावर त्रास झाला तर

बटण बंद करूनही मंद जळते: आधी बटणात इंडिकेटरचा छोटा दिवा आहे का बघा, असेल तर साधं बटण लावा. नसेल तर बहुधा बटण न्यूट्रलवर आहे. बोर्डात दुरुस्त करून घ्या. केवळ उजेडासाठी नाही, सुरक्षिततेसाठीच ते व्हायला हवं.

लुकलुकते: सैल पिन, सैल कनेक्टर, किंवा राहून गेलेला चोक. या तिन्हीत नसेल तर ट्यूब बदलून मागा.

मिडीयम वेव्हवर आकाशवाणी ऐकणारे आजोबा घरात असतील आणि ट्यूब लागली की रेडिओ खरखरत असेल, तर ड्रायव्हर स्वस्तातला आहे. दुसऱ्या कंपनीची एक लावून बघा आणि मगच बाकीच्या आणा.

उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी वेगळं

लेथ, मिलिंग, ड्रिल असेल तर उजेडाची थरथर हा अपघाताचा प्रश्न आहे. चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला त्याचेही नेमके १०० जबडे समोरून जातात. अशा उजेडात तो चक थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि कामगार हात घालतो. स्वस्त एलईडीतही हीच थरथर असते, कधी चोकवरच्या ट्यूबपेक्षा जास्त. म्हणून मशीनवर लावायची ट्यूब आधी मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर ती मशीनवर नको, गोदामात लावा. तीन फेज असतील तर ओळीतल्या लाईटी वेगवेगळ्या फेजवर वाटून घ्या. गोठा, परस किंवा शेडच्या उघड्या कडेला साधी ट्यूब लावू नका, तिथे आयपी-६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी बंद पट्टी लागते. नाहीतर पाणी नंतर, आधी किडे-पाखरंच आत भरतात.

जुन्या ट्यूबचं काय?

ती कचराकुंडीत फोडू नका. आत काही मिलिग्रॅम पारा आहे आणि ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत या ट्यूब येतात. नव्याच्या खोक्यात जुनी घालून ठेवा. शहरात घंटागाडीवाल्याला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या, जास्त संख्या असेल तर नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे. फुटलीच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, पोरांना बाहेर काढा आणि पंधरा मिनिटं त्या खोलीत जाऊ नका. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदाने पुसा आणि सगळं पिशवीत बांधा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवलात तर पारा घरभर होईल.

चोकात तांबं असतं, त्यामुळे तो भंगारवाला वजनावर घेतो. एखादी जुनी पट्टी अजून वर्षभर चालवायची असेल तर काढलेल्यातला एक चांगला चोक आणि दोन स्टार्टर बाजूला ठेवा, बाकी देऊन टाका.